समाजशास्त्र शिकून पुढं काय?

भाचीनं आज विचारलं, "मामा, समाजशास्त्रात बी.ए. करून पुढं काय?" आवाजात धास्ती होती. घरात पोलीस भरतीशिवाय विषय नाही.

मी तिला वाशीम जिल्ह्यातल्या पोहरादेवीची आठवण करून दिली. रामनवमीला कुठकुठल्या तांड्यांवरून बंजारा माणसं तिथं येतात! त्यातली किती घरं ऊसतोडीला जातात, मागं कोण राहतं, पोरीची शाळा कोणत्या महिन्यात सुटते, हे ओट्यावर बसून ऐकायचं आणि नीट लिहायचं, हेच तर तिचं शास्त्र. २०१८ साली केंद्रानं वाशीमला आकांक्षित जिल्ह्यांत घेतलं. तेव्हापासून प्रगतीचे तक्ते भरले जातात. पण तक्त्यामागचं घर वाचणारा माणूस हवाच. 'उमेद' अभियानाच्या बचतगटांत हवा, पाणलोटाच्या कामात हवा.

पुढं शिकायला एमएसडब्ल्यू आहे, तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचं केंद्र आहे, यूपीएससीला हा वैकल्पिक विषय घेता येतो. सेट-नेटनंतर प्राध्यापकीही, पण जागा निघण्याची वाट पाहत माझ्या मित्रांची उमेदीची वर्षं गेली, तेही मी लपवलं नाही.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "रविवारी मानोऱ्याकडच्या तांड्यांवर जायचं?" कोरी वही तिनं आधीच काढून ठेवली आहे.