धनी हरपलेली कामे

संगणकशास्त्राच्या परिभाषेत ‘अनाथ’ हा शब्द रूढ आहे आणि अशा अनाथांना ‘मारणे’ हे तेथे नित्याचे कर्तव्य समजले जाते. ही भाषा प्रथमदर्शनी कठोर वाटते. पण तिच्यामागील विचार आम्हांला मननीय वाटला.

युनिक्स प्रणालीत चालू कामास ‘प्रोसेस’ म्हणतात. एक प्रोसेस दुसरीला जन्म देते. जननी आधी संपली, तर अपत्य अनाथ होते. परंतु उघड्यावर पडत नाही. परंपरेने क्रमांक १ ची प्रोसेस त्याला दत्तक घेते आणि ते संपल्यावर त्याची अखेरची नोंदही उरकते.

अनेक यंत्रे जाळ्याने जोडली की प्रश्न बिकट होतो. एका यंत्राने दुसऱ्यावर काम सोपवले आणि ते स्वतःच बंद पडले, तर दूरचे यंत्र राबतच राहते. उत्तर घ्यावयास कोणी नाही, तरी वेळ व स्मृती खर्ची पडत असते.

ब्रूस नेल्सन यांनी १९८१ साली आपल्या प्रबंधात यावर चार उपाय मांडले. पहिला, संहार: काम सोपवण्यापूर्वी तबकडीवर नोंद ठेवायची आणि यंत्र पुन्हा सुरू होताच ती पाहून अनाथ कामे संपवायची. दुसरा, पुनर्जन्म (हा शब्द त्यांचा, आमच्या श्रद्धेतला नव्हे): नव्या युगाची द्वाही फिरताच जुन्या युगातील दूरस्थ कामे थांबतात. तिसरा, सौम्य पुनर्जन्म: द्वाही ऐकून प्रत्येक यंत्र आधी कामाच्या धन्याचा शोध घेते, तो न सापडला तरच काम संपवते. चौथा, मुदत: प्रत्येक कामाला ठराविक अवधी मिळतो, तो अपुरा पडल्यास वाढवून मागावा लागतो.

खरी अडचण पुढेच आहे. अनाथ कामाने एखाद्या फाईलला कुलूप घातले असेल आणि त्याच क्षणी ते मारले गेले, तर कुलूप तसेच राहण्याचा संभव असतो. त्याने आणखी कोणावर काम सोपवले असेल, तर नातवंडेही अनाथ होतात. म्हणून युनिक्सवर जाणते व्यवस्थापक प्रथम १५ क्रमांकाचा संकेत देतात; तो मिळाल्यावर कामाला आवराआवर करून निघता येते. ९ क्रमांकाचा संकेत क्षणाचीही सवड देत नाही; तो अखेरचा उपाय.

चारांपैकी तिसरा मार्ग आम्हांला अधिक भावतो. संपवण्यापूर्वी ‘तुझे कोणी आहे का?’ एवढी चौकशी तो करतो. चौकशीला थोडा वेळ लागतो खरा. पण धनी हयात असलेले काम विनाकारण बुडत नाही.