आंगणातला लिंब

मे महिन्यात आम्ही घरची मंडळी परभणीला खालांकडे गेलो होतो. परभणीचा मे म्हणजे पारा चाळिशीच्या पुढे. खालांचे जुने घर माळवदाचे होते: जाड भिंती, लाकडी तुळयांवर मातीचे छत, मधे आंगण आणि आंगणात लिंब. आता तिथे दुमजली सिमेंटचे घर आहे. पावसाळ्यातली गळती थांबली, पण बांधकामात लिंब गेला. दिवसभर तापलेल्या स्लॅबची धग रात्री खोलीत उतरते. माती उशिरा तापायची आणि लिंबाची सावली भिंतींना ऊन लागू द्यायची नाही.

खालूंच्या इंतकालानंतर खाला मागच्या खोलीत झोपू लागल्या. खिडकी उघडली की समोर शेजारची भिंत. "झोप नाही, जीव घाबरतो," त्या म्हणाल्या. बीपीची गोळीही वाढली होती.

एका सकाळी फजरनंतर आम्ही त्यांना कृषी विद्यापीठाच्या आवारात नेले. मराठवाड्याच्या शेतीसाठी १९७२ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ परभणीकरांना सकाळची मोकळी हवाही देते. झाडांखाली खाला दोनदा टेकल्या. मग आपणहून खालूंच्या आठवणी सांगू लागल्या. कितीतरी महिन्यांनी त्या हसल्या.

अमेरिकेतील रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या ४६ रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, निम्म्यांना विटांची भिंत. झाडे पाहणारे सरासरी लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनेची तीव्र औषधे कमी लागली. खालांची खिडकी आम्हाला तेव्हा आठवली.

घरापुढे आठ फूट जागा उरली होती. तिथे दुकानाचा गाळा काढायचे खालांच्या मुलाने ठरवले होते. भाड्याची गरज खरीच होती. रात्री बराच वेळ बोलणे झाले. खाला एवढेच म्हणाल्या, "झाड लावणे सदका आहे, बेटा. पाखराने फळ खाल्ले तरी सवाब मिळतो."

गाळा निम्माच झाला. खालांचा पलंग पुढच्या खोलीत आला आणि पहिल्या पावसात उरलेल्या चार फुटांत लिंबाचे रोप लागले. गोळी अजून चालू आहे, झोप मात्र बरी लागते. रोप अद्याप खिडकीपर्यंत पोचलेले नाही. रोज वजूचे पाणी त्यालाच जाते.