काय अडलं?



दर रविवारी मी मराठीचा ऑनलाइन वर्ग घेते. सोमवार ते शुक्रवार माझं काम सॉफ्टवेअरचं. वर्गात मराठी बोलायची वेळ आली की तुमच्यातले काही जण हळूच कॅमेरा बंद करतात. मला राग येत नाही. मीही तेच करायचे. फक्त माझी भाषा वेगळी होती.

माझी शाळा मराठी माध्यमाची. गणित, विज्ञान, इतिहास सगळं मराठीत शिकले. इंग्रजी विषय आला तो थेट पाचवीत. पुढे नोकरीसाठी न्यू जर्सीला आले. मीटिंगमध्ये मला उत्तर माहीत असायचं, पण मनात वाक्य जुळवेपर्यंत दुसरंच कोणीतरी बोलून जायचं. एकदा माझ्या मनातलीच कल्पना दुसऱ्याने मांडली आणि त्याचं कौतुक झालं. त्या रात्री मी ठरवलं, रोज मीटिंगमध्ये निदान एक वाक्य बोलायचंच. सोमवारी ठरवलं आणि गुरुवारी विसरले!

मग आम्ही चौघांनी मिळून एक गट केला. एका मित्राची शुगर वाढली होती, त्याला रोज चालायचं होतं. एका मैत्रिणीला गाडीचं लायसन्स काढायचं होतं. एकाला अर्धवट राहिलेली परीक्षा द्यायची होती. आणि मला बोलायचं होतं. दर शुक्रवारी रात्री नऊला व्हिडिओ कॉल करायचा, असं ठरलं.

पहिला महिना अगदी जोरात गेला. व्हॉट्सॲपवर रोज टाळ्या आणि अंगठे. मग एका शुक्रवारी मैत्रीण म्हणाली, "या आठवड्यात गाडीचा सराव झालाच नाही." झालं! आम्ही सगळे एकदम सुरू झालो. "अगं, रोज अर्धा तास तरी काढ." "माझ्या बहिणीने दोन महिन्यांत लायसन्स काढलं." मी तर म्हणाले, "मनावर घेतलंस तर काही अवघड नाही."

ती नुसती हसली. मग माझी पाळी आली. त्या आठवड्यात मी मीटिंगमध्ये एकदाही तोंड उघडलं नव्हतं. पण तिचं काय झालं ते मी आत्ताच पाहिलं होतं. मी सांगून टाकलं, "मी तीनदा बोलले." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला फार टोचल्या.

पुढच्या शुक्रवारी मैत्रीण आली नाही. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही नाही.

माझी आई गावी बचत गटात आहे. बचत गट म्हणजे साधारण दहा ते वीस बायका एकत्र येतात, दर महिन्याला ठरलेली रक्कम जमा करतात आणि गरज पडली की त्यातूनच एकमेकींना कर्ज देतात. आईचा गट कित्येक वर्षं चालू आहे. आमचा दोन महिन्यांत मोडायला आला होता. मी फोनवर विचारलं, "आई, एखादीने हप्ता आणला नाही तर तुम्ही काय करता गं?"

आई म्हणाली, "आधी विचारतो, बाई, काय अडलं? रागावलं तर ती पुढच्या महिन्यात यायचीच नाही. मग पैसेही गेले आणि बाईही गेली. आणि वहीत खरं लिहितो. आणला नाही तर नाही. वही खोटी झाली की गट संपला."

मी लगेच मैत्रिणीला फोन लावला. "अगं, त्या दिवशी मी खोटं बोलले. मी एकदाही बोलले नव्हते." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "माझ्या नवऱ्याची शिफ्ट बदललीय. सराव करताना शेजारी लायसन्सवालं माणूस लागतं. माझ्या शेजारी बसायला कोणी नाही." एवढंच अडलं होतं! आम्ही सल्ले चार दिले, पण प्रश्न एकही विचारला नव्हता. चालणारा मित्र तिच्या घरापासून दहा मिनिटांवर राहायचा. शनिवारपासून तो तिच्या शेजारी बसायला लागला.

त्यानंतर आम्ही नियम केले. गट लहान ठेवायचा, दिवस आणि वेळ बदलायची नाही. प्रत्येकाला पाच मिनिटं आणि तीनच प्रश्न: काय ठरवलं होतं? काय झालं? काय अडलं? मागितल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. गटातली गोष्ट बाहेर सांगायची नाही. आणि जे ठरवायचं, त्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं देता आलं पाहिजे. "इंग्रजी सुधारायचं" असं नाही, तर "मंगळवारच्या मीटिंगमध्ये एक प्रश्न विचारायचा" असं.

हे काही नवीन नाही. १७२७ साली फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिनने मित्रांचा असाच एक गट केला होता. त्याचं नाव 'जंटो'. सभासद बाराच. ते दर शुक्रवारी संध्याकाळी भेटायचे. कोणी हट्टाने "माझंच खरं" असं बोललं, तर त्याला छोटासा दंड व्हायचा. हे वाचून मला आईचा गट आठवला. तिथे दंड नाही, पण माणूस टिकवायची काळजी तीच आहे.

आमचं पुढे काय झालं? मैत्रिणीला दुसऱ्या प्रयत्नात लायसन्स मिळालं. चालणारा मित्र थंडीत अजूनही दांड्या मारतो, पण वहीत खरं लिहितो. परीक्षावाल्याने एक दिवस सांगितलं, "मला ही परीक्षा खरं तर द्यायचीच नाहीये." आम्ही तेही लिहून ठेवलं. आणि मी मीटिंगमध्ये बोलते. अजून चुकते, पण बोलते.

आता तुमची पाळी. वर्गातले तिघे-चौघे मिळून एक गट करा. एक छोटी गोष्ट ठरवा. उदाहरणार्थ, या आठवड्यात आजीशी फोनवर मराठीत पाच वाक्यं बोलायची. एक वही घ्या आणि काय झालं ते लिहा. नाही जमलं तर "नाही जमलं" असंच लिहा, आणि रविवारी मला दाखवा. मी रागावणार नाही. मी फक्त विचारेन, "काय अडलं?"