आज पेटवलं तर चालेल का?

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. न्हावऱ्याहून चौफुल्याकडे येताना पारगावजवळ ती ओलांडावी लागते. उसाचा हंगाम भरात आला की तिन्हीसांजेला या रस्त्याला धुराचा वास येतो, आणि तो धूर कुठल्या तालुक्यातला हे सांगता येत नाही. नदीमुळे कचेऱ्या वेगळ्या झाल्यात. शिरूरचं वनपरिक्षेत्र जुन्नर वनविभागात मोडतं, दौंडचं पुणे वनविभागात. धूर वारा नेईल तिकडे जातो.

याच पट्ट्यात ऊस असलेल्या माझ्या चुलतभावानं मध्यंतरी फोनवर विचारलं, "तोड झाली बघ. खोडवा धरायचाय. पाचट पेटवायला बंदी आहे म्हणतात, खरं का?" मला हा प्रश्न फार मोलाचा वाटला. आमच्या वडिलांच्या पिढीत तो कुणी विचारल्याचं आठवत नाही. वारा कुठला आहे, शेजाऱ्याचा ऊस उभा आहे का, डीपीच्या तारा कुठून गेल्यात, एवढं बघायचं आणि काडी लावायची. तेही शहाणपणच होतं, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण आता माणूस काडी ओढायच्या आधी थांबून नियम विचारू लागलाय. थांबलेल्या माणसाला वेळेत नीट उत्तर मिळालं पाहिजे, कारण वाफे मोकळे करून पाणी द्यायची घाई त्याच्या मागे लागलेली असते.

"दादा, विचारून सांगतो," म्हटलं आणि विचारायला लागलो. एक उत्तर नव्हतंच. तीन निघाली, आणि तिन्ही वेगवेगळ्या दारांत.

पहिलं कचऱ्याचं. उकिरड्यावरचं प्लास्टिक, बाजारानंतर उरलेला पसारा, दुकानापुढची खोकी पेटवायला आज बंदी आहे का, असं विचारायची गरजच नाही. राष्ट्रीय हरित लवादानं २२ डिसेंबर २०१६ रोजी उघड्यावर कचरा जाळायला देशभर मनाई केली. साध्या प्रकाराला ५,००० रुपये आणि मोठा ढीग पेटवला तर २५,००० रुपये भरपाई ठरवली. ही मनाई बारमाही आहे. तरी आठवडे बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काय दिसतं, ते वाचकांना मी सांगायला नको.

दुसरं वनजमिनीचं. दौंडच्या दक्षिणेला माळरान पसरलंय. लागूनच बारामती तालुक्यात सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य आहे, अवघं ५.१४ चौरस किलोमीटरचं, चिंकारासाठी राखलेलं. वाळलेलं गवत जाळलं की पावसाळ्यात नवं जोमानं येतं, ही समजूत इथं मुरलेली आहे. पण टिटवी आणि चंडोल जमिनीवरच अंडी घालतात, आणि आग लागली की त्यांना वर उचलून न्यायला कुणी नसतं. राखीव वनात आग लावणं हा भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे, तोही बारा महिने. उन्हाळ्याआधी वनखातं जाळरेषा काढतं, म्हणजे गवताचा पट्टा आपणच ठरवून साफ करतं, की वणवा पुढे सरकू नये. वणवा दिसला तर कळवायला १९२६ हा क्रमांक आहे. हा क्रमांक शाळेच्या भिंतीवर रंगवावा असं मला मनापासून वाटतं.

तिसरं पाचटाचं, आणि खरी अडचण इथं आहे. व्हॉट्सअपवर एक तक्ता फिरतो: २ एकरांपर्यंत २,५०० रुपये दंड, ५ एकरांपर्यंत ५,०००, त्यावर १५,०००. तो तक्ता मुळात खोटा नाही, पण त्यातले आकडे २०२४ पर्यंतचे आहेत. शिवाय हरित लवादानं तो २०१५ साली दिल्ली, पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश आणि राजस्थान यांच्यासाठी घातला होता, भाताच्या काडाचा धूर दिल्लीला कोंडू लागला म्हणून. भीमेकाठच्या उसाचा विचार त्यात नव्हता. मग इथं मोकळीक आहे का? तसंही नाही. आगीबाबत हयगय करून दुसऱ्याचा जीव किंवा माल धोक्यात घातला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय प्रशासन नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली ठरावीक मुदतीचा मनाई आदेश काढू शकतं. म्हणजे 'आज' हा शब्द खऱ्या अर्थानं फक्त इथं लागू पडतो. बाकीच्या मनाया कायमच्या आहेत, ही मात्र येते आणि जाते. आणि येऊन गेली तरी बांधावर पत्ता लागत नाही.

याचं मला वाईट वाटतं, कारण बाकीच्या बातम्या या दोन तालुक्यांत किती झटकन पोचतात! चासकमानचं आवर्तन कधी सुटणार, खडकवासल्याच्या कालव्याला पाणी किती दिवस राहणार, थ्री फेज लाईट या आठवड्यात दिवसा की रात्री, केडगावला गुळाला काय भाव निघाला, हे पारावर बसलेल्या म्हाताऱ्यालाही ठाऊक असतं. भारतीय वन सर्वेक्षणाकडून उपग्रहानं टिपलेल्या आगीचा संदेश वन कर्मचाऱ्याच्या मोबाईलवर येतो. आग लागल्याचं कळवायची एवढी सोय आपण केली. लावण्याआधी विचारणाऱ्याची सोय राहून गेली. ऑस्ट्रेलियात काही राज्यांत उद्या उघड्यावर विस्तव पेटवायचा की नाही हे बहुधा आदल्या दिवशीच जाहीर होतं, आणि लोक ते हवामानाच्या बातमीबरोबर ऐकतात. आपल्या ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून रेशन आल्याचं, लसीकरणाचं, पाणी बंद असल्याचं सांगतात. त्यातच हे एक वाक्य बसेल.

पण नुसतं 'बंदी आहे' हे अर्धंच उत्तर झालं. पाचट माणूस हौसेनं जाळत नाही. तोडून झालेल्या फडात गुडघाभर थर पडतो, सरीतून पाणी पुढे सरकत नाही, खाली साप-उंदीर दडतात, खोडव्याची मशागत अडते. आग लावायची तरी आधी ठिबकच्या नळ्या गुंडाळून बाहेर काढाव्या लागतात. काडी लागली की वाळलेली पात तडतडत उठते, काही मिनिटांत सगळं काळं होतं, आणि काजळीच्या चिंध्या शेजारच्या वस्तीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर जाऊन बसतात. त्या काळ्या रानात गेलेलं काय, तर हेक्टरी ८ ते १० टन पाचट. तेच कुट्टी करून सरीत ठेवलं आणि त्यावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकले, तर ते जागेवर खत होतं. ही शिफारस कृषी खातं वर्षानुवर्षं करतंय, आणि ती खरी आहे. पण कुट्टीचं यंत्र गावात कुणाकडे आहे, भाडं किती, पाळी कधी लागेल, हे त्याच दमात सांगितलं नाही तर ऐकणारा मान हलवतो आणि रात्री काडी लावतो.

आणि पेटलेल्या रानात फक्त पाचटच जळत नाही. एप्रिल २०१९ मध्ये आंबेगाव तालुक्यात उसाच्या रानात लावलेल्या आगीत बिबट्याची ५ पिल्लं होरपळून मेली. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूरच्याच पिंपरखेड-जांबुत भागात बिबट्यानं माणसं मारली, त्यात लहान मुलं होती. त्या घरांपुढे उभं राहून पिल्लांची कणव करा म्हणायला मी धजणार नाही. एवढंच म्हणेन की तोडणीत पिल्लं सापडली तर वनखात्याची माणसं ती त्याच शिवारात ठेवून आईची वाट बघतात, कारण मादी त्यांना शोधत तिथंच घुटमळते हे त्यांना ठाऊक असतं. फड पेटवायच्या आधी वनरक्षकाला फोन करण्यात बिबट्याइतकीच आपली, आपल्या पोरांचीही काळजी आहे.

दादाला मी हे सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग हे गावाला कधी सांगायचं?" ग्रामसभेच्या तारखा डोळ्यांपुढे आल्या. १ मे ला उपयोग नाही, तोवर निम्मी रानं काळी झालेली असतात. २ ऑक्टोबरला गाळप सुरू व्हायचं असतं, तेव्हा कुट्टीयंत्राची पाळी ठरवून ठेवता येईल. आणि २६ जानेवारीला तोड ऐन भरात असते. त्या दिवशी ठराव घ्यावा: काय कायम बंद आहे, तालुक्यातून नवा आदेश आला तर तो कुणी भोंग्यावर सांगायचा, आणि कुणी विचारायला आलं तर गावातल्या कुठल्या माणसाकडे पाठवायचं. दादा म्हणाला, ठरावाचा कागद तू लिहून दे, मी सूचक होतो.