मोटर रुसते

नगरच्या सावेडीतल्या आमच्या घरावर टाकी नाही. हौदातलं पाणी अर्ध्या एचपीची प्रेशरची मोटर थेट नळांना देते. नळ उघडला की ती आपोआप चालू व्हायची आणि मिनिटभरात बंद पडायची. कंट्रोलरवर लाल दिवा लागायचा. म्हणजे पाणी नाही, असं तिचं म्हणणं. हौदात डोकावलं तर पाणी असायचंच.

मग आमची तऱ्हा ठरून गेली. मोटरशेजारी बादली, मग आणि पाना. वरचं बूच काढून तोंडाला येईपर्यंत पाणी ओतायचं, बूच आवळायचं, रिसेटचं बटण दाबायचं. तोंडाला साबण लावून मी वरून ओरडायचो, "आई, दाब!" खालून उत्तर यायचं, "दाबलंय, तू नळ पुरता सोडू नकोस!"

दोन मिस्त्री येऊन गेले. एकाने फूट व्हॉल्व्ह बदलला, दुसऱ्याने कंट्रोलरच नवा टाका म्हणून सांगितलं. फूट व्हॉल्व्हचे पैसे गेले, लाल दिवा राहिला.

आईने मात्र एक गोष्ट हेरली होती. आपल्याकडे मुळा धरणाचं पाणी विळद, वसंत टेकडी असं टप्प्याटप्प्याने उपसून येतं. मध्ये कुठे वीज गेली की पाण्याचा दिवस पुढे ढकलला जातो आणि हौद उतरत जातो. "पाणी आलं त्या दिवशी मोटर गुणाची असते. हौद अर्ध्यावर गेला की रुसते," ती म्हणायची. मी हसण्यावारी नेलं. निजामशाहीत याच गावात खापरी नळांतून नुसत्या उताराने पाणी खेळवायचे, असं काहीबाही मी तिला ऐकवायचो. ती म्हणायची, मग बसव खापरी नळ.

तिसरे मिस्त्री वयस्कर होते. त्यांनी आईचंच नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मावशी, कणीक मळलीय का?"

लिंबाएवढा गोळा घेऊन त्यांनी हौदाकडून येणाऱ्या पाइपच्या युनियनच्या सांध्याभोवती थापला आणि बटण दाबलं. मोटरची खरखर गेली, एकसारखा सूर लागला. कणकेला एका जागी खळगा पडला होता. बोट दाबल्यासारखा, आतल्या बाजूला.

"हवा ओढतीय. इथून पाणी गळायचं नाही, म्हणून कुणाला दिसलं नाही. पाणी खाली गेलं की मोटरला ओढ जास्त द्यावी लागते, मग हवा शिरते."

रविवार होता, दुकान बंद. त्या दिवशी कणकेवरच भागलं. संध्याकाळपर्यंत पाइपवर मुंग्यांची रांग लागली, पण लाल दिवा काही लागला नाही.

सोमवारी त्यांनी युनियन खोलून नवी रबरी रिंग बसवली. जुनी माझ्या हातात दिली. बांगडीसारखी कडक झाली होती. जरा वाकवली, तर कटकन तुटली.