कैरीचं पन्हं

चैत्रगौर बसली की आमच्याकडे कैऱ्या उकडल्या जात. गराच्या दुप्पट गूळ, वेलदोडा, केशर, चिमूटभर मीठ. प्रमाण मला तोंडपाठ, पण हात कधी लावला नव्हता. ते खातं हिचं.

ही जाऊन दोन वर्षं झाली. यंदा सूनबाईंनी गौर बसवली, म्हणून मीच कुकरला चार कैऱ्या लावल्या. निवल्यावर सालं काढून गर कोळला, गूळ विरघळवला, गार पाणी घातलं.

सूनबाईंनी घोट घेतला. "बाबा, आईंच्यापेक्षा आंबट झालंय."

गुळाचा डबा काढायला उठलो, तर म्हणाल्या, "राहू द्या. असंच छान आहे."

पहिला पेला गौरीपुढे ठेवला. हिला स्वतःला कसं आवडायचं, आंबट की गोड? इतक्या वर्षांत मी विचारलंच नव्हतं.