डोंगरावरचा पाट

ब्रिटनमधील वेल्समध्ये पुमसेंट नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथील दोलाउकोथीच्या जुन्या सोन्याच्या खाणी पाहण्याचा योग आम्हांला आला. पण सोन्यापेक्षा आमच्या मनात घर करून राहिला तो एक पाट.

पाट म्हणजे आज नुसती मातीची आडवी पायरी. डोंगराच्या कडेकडेने गेलेली, गवताने झाकलेली. कोणी दाखवून दिली नाही, तर मेंढरांची वाटच वाटावी. रोमन लोकांनी हा मुलूख जिंकल्यावर, सुमारे १९०० वर्षांपूर्वी, कोथी नदीचे पाणी याच पाटाने सुमारे ११ किलोमीटरवरून आणले. येथे उंच दगडी कमानी नाहीत. डोंगर वळेल तसे वळत, बेताचा उतार राखत पाट खणत नेला. उतार जास्त झाला तर पाणी माती खाते, कमी झाला तर तुंबते. शेतात दारे धरणाऱ्या आपल्या माणसांना हे वेगळे सांगायला नको.

हे पाणी खाणीसाठी होते. खाणीच्या वरच्या अंगाला मोठाले हौद खणले होते. हौद भरला की पाणी एकदम सोडायचे. त्या लोंढ्याने माती वाहून जाई आणि खालचा सोन्याचा खडक उघडा पडे. त्यांतला एक हौद आजही तळ्यासारखा भरलेला असतो.

खाणीजवळ खळगे पडलेला एक मोठा दगड उभा आहे. वादळात पाच संत त्याला टेकून झोपले आणि त्यांच्या खांद्यांचे ठसे उमटले, अशी दंतकथा आहे. पुमसेंट म्हणजेच 'पाच संत'. अभ्यासक मात्र सांगतात, की ती ऐरण होती. जड हातोड्याखाली तिच्यावर सोन्याचा खडक फोडला जाई.

आम्ही त्या खळग्यात हात ठेवून पाहिला. काम करून करून दगड झिजला आणि श्रेय मिळाले चमत्काराला! ज्यांनी तो खडक फोडला, पाट खणला, त्यांची नावे कोठेच कोरलेली नाहीत.

१९३८ साली खाण बंद पडली. १९४१ पासून ही जागा नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे. सोने कधीच निघून गेले. मातीतली ती रेघ मात्र टिकून आहे. मुलाबाळांना जुनी जागा दाखवाल तेव्हा कथा जरूर सांगा. पण हे कोणी खणले, कशासाठी खणले, हेही विचारायला शिकवा.